दिवेलागणीचा स्वयंपाक

इतिहासाच्या ग्रंथांत राजवाड्यांतील मेजवान्यांचीं वर्णनें पुष्कळ सांपडतात. परंतु दिवसभर शेतांत कापूस वेंचून परतलेल्या बाईनें दिवेलागणीस चुलीवर काय चढविलें, याची नोंद ठेवण्याची तसदी बखरकारांनीं घेतली नाहीं, कीं सरकारी दप्तरांनींही घेतली नाहीं. वास्तविक पाहतां मेजवानी हा वर्षांतून चार दिवसांचा विषय. उरलेले तीनशें साठ दिवस माणूस ज्या अन्नावर जगला, तें अन्न बहुधा घाईंत शिजलेलें, एकाच भांड्यांतलें आणि थकलेल्या हातांनीं केलेलें होतें. हल्लीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ‘झटपट जेवण’ हा शब्द थोड्या अपराधी स्वरांत उच्चारला जातो. जणूं काय आजीच्या काळीं रोज संध्याकाळीं पांच पक्वान्नें होत असत, आणि कचेरींतून परतलेल्या सुनेनें अर्ध्या तासांत पानें मांडलीं म्हणजे कुळाचार बुडाला! हा समज कितपत खरा आहे, हें पाहावयाचें असेल तर यवतमाळ जिल्ह्यांतील चुलीचा इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे.

यवतमाळ हें नांवच मुळीं जुन्या दप्तरांतून घडत आलेलें आहे. गांवाचें मूळ नांव यवत. अबुल फज्लच्या ‘ऐने-अकबरी’ या ग्रंथांत ज्या परगण्याची नोंद आहे, तो यवत-लोहारा. लोहारा हें जवळचेंच गांव. पुढें ‘महाल’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन यवताच्या मागें ‘माळ’ लागलें, अशी व्युत्पत्ति इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत दिलेली आहे. १५९६ सालीं चांदबिबीनें वऱ्हाड प्रांत मोंगलांच्या स्वाधीन केला, आणि लगोलग वऱ्हाड सुभ्याची हकीकत ‘ऐने-अकबरी’त दाखल झाली. आजच्या जिल्ह्याचा बराच मुलूख त्या वेळच्या कळंब आणि माहूर या सरकारांत मोडत असे. चौधरीस येथें देशमुख, कानूगोस देशपांडे, मुकादमास पाटील आणि पटवाऱ्यास कुळकर्णी म्हणतात, इतकी बारीक माहिती अबुल फज्लनें दिली आहे. रयतेच्या चुलीपर्यंत मात्र त्याची लेखणी फारशी गेली नाहीं.

तथापि त्याच ग्रंथांत बादशहाच्या मुदपाकखान्याचें जें वर्णन आहे, तें प्रस्तुत विषयास फार उपयोगी पडतें. अकबर चोवीस तासांत एकदांच जेवी, आणि जेवणाची वेळ ठरलेली नसे. हुकूम झाला कीं तासाभरांत शंभर पदार्थ पुढें यावेत, अशी तेथें सदैव तयारी असे. एका तासांत शंभर पदार्थ! यांत जादू कांहीं नव्हती. तो तास हा शेवटचा तास असे; दळणारे, कुटणारे, निवडणारे, सोलणारे आणि मांस बारीक करणारे हात त्यापूर्वींच राबून चुकलेले असत. अबुल फज्लनें पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत. त्यांतील दुसऱ्या वर्गांत मांस आणि धान्य एकत्र शिजविलेले पदार्थ येतात. कीमा पुलाव आणि कीमा शोरबा हीं नांवें तेथें आढळतात, आणि त्यांच्याच पंक्तीस ‘बुघ्रा’ नांवाचा पदार्थ बसलेला दिसतो. बुघ्रा हा मध्य आशियांतून आलेला, मांसाच्या रसांत कणकेचे तुकडे शिजवून करावयाचा प्रकार. दहा शेर मांसास तीन शेर पीठ, असें त्याचें प्रमाण दिलेलें आहे. म्हणजे मांस आणि कणीक एकाच भांड्यांत शिजविण्याची कल्पना या देशांत निदान सवाचारशें वर्षें तरी परिचित आहे.

या वर्णनावरून झटपट जेवणासंबंधीं एक नियम हातीं लागतो. ज्या जेवणास वेळ थोडा लागतो, त्याचे कष्ट थोडे असतात असें मुळींच नाहीं. ते कष्ट कोणींतरी, कधींतरी, कोठेंतरी आधींच उरकून ठेवलेले असतात. म्हणून अशा जेवणाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें पाककृतीपेक्षां एकच प्रश्न सतत विचारला पाहिजे : हे कष्ट कोणीं उरकले?

शेवयांचें उदाहरण घ्या. कणकेचा दोरा काढून वाळवावा आणि हवा तेव्हां शिजवावा, ही युक्ति जगांत अनेक ठिकाणीं फार पूर्वींच सुचलेली आहे. चीनमध्यें पीत नदीच्या वरच्या अंगास लाजिया येथें उलट्या पडलेल्या वाडग्याखालीं सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या, भरड धान्याच्या शेवया सांपडल्याचें ‘नेचर’ या नियतकालिकांत २००५ सालीं प्रसिद्ध झालें. सिसिली बेटावर त्राबिया येथें अशा शेवया पुष्कळ होतात आणि जहाजांतून परमुलखास जातात, असें अल् इद्रीसी या भूगोलकारानें ११५४ सालीं लिहून ठेवलें आहे. ओल्या कणकेस दुसऱ्या दिवशीं आंबूस वास येतो. वाळलेली कणीक वर्षभर टिकते. खलाशी, वाटसरू आणि शिपाई यांस याच गुणामुळें शेवया प्रिय झाल्या.

वऱ्हाडांत शेवया होत त्या उन्हाळ्यांत. होळी झाली, रब्बीचा गहूं घरांत आला आणि चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें, म्हणजे आळींतील बायका एकीच्या घरीं जमत. गहूं ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून त्याची सपीठी काढावयाची. ती घट्ट भिजवून, कुटून, तेलाचा हात लावून मऊ करावयाची. मग एका टोकास उंच करून तिरक्या ठेवलेल्या पाटावर एकीनें तळहातानें कणीक लोटावयाची आणि खालीं उतरणारा केसासारखा दोरा दुसरीनें हलकेच झेलावयाचा. काठीवर किंवा बाजेवर त्या वाळत घालावयाच्या, आणि वाळल्या कीं डब्यांत भरून ठेवावयाच्या. हें काम एकटीच्यानें होत नसे. आज हिच्या घरीं, उद्यां तिच्या घरीं, अशी पाळी लागे. पापड, कुरडया, सांडगे, मुगवड्या यांचाही हंगाम हाच. आषाढांत पावसाची झड लागली, सरपण भिजलें, भाजी मिळेनाशी झाली, अवचित पाहुणा दाराशीं आला, म्हणजे डब्यांतल्या मूठभर शेवया बाहेर निघत, आणि दूध-गूळ घालून घटकाभरांत खीर तयार होई. पाहुणा म्हणे, ‘किती लवकर झालें!’ त्या लवकरपणामागें वैशाखांतील चार बायकांच्या दुखऱ्या पाठी होत्या, हें त्याच्या ध्यानांत येत नसे. हेच शेवयांचे डबे ईदेच्या सकाळीं मुसलमान घरांतूनही उघडत, आणि दूध, खारीक व सुका मेवा घालून शीरखुर्मा शिजे. धर्म वेगळे असले तरी दोन्हीं घरांतील उन्हाळी कष्ट मात्र एकाच जातीचे होते.

ही झाली साठवणीची शेवई. रोजच्या संध्याकाळसाठीं वऱ्हाडी बाईजवळ दुसरी, ताजी युक्ति होती; ती म्हणजे वरणफळें. कोणी त्यांस चकोल्या म्हणतात, कोणी चिकोल्या. पळाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्यें तुरीची ओळ पेरण्याची चाल या जिल्ह्यांत जुनी आहे. त्यामुळें तुरीची डाळ घरचीच. डाळ शिजत ठेवावी, तोंवर कणीक भिजवून तिची जाडसर पोळी लाटावी, सुरीनें तिच्या पट्ट्या अथवा शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत, आणि लसूण, जिरें, तिखट यांची फोडणी दिलेल्या पातळ वरणांत ते सोडावेत. तुकडे वर आले, वरण दाट झालें, कीं जेवण तयार. वेगळी पोळी नको, वेगळी भाजी नको. वर तेलाची अथवा तुपाची धार पुरे. इटलींतील गृहिणी कणकेच्या पट्ट्या पावट्याच्या रश्शांत शिजविते ती याच न्यायानें. आणि याहूनही घाई असेल, तर बेसन आणि पाणी यांचें पिठलें होतेंच. हरभऱ्याचें पीठ उकळत्या पाण्यांत दहा मिनिटांत शिजतें. पिठलें आणि ज्वारीची भाकर हें खरोखर महाराष्ट्रांतील झटपट जेवणाचें मूळपीठ होय. १९९५ सालीं राज्य सरकारनें एक रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना काढली, तेव्हां गरिबांचें जेवण म्हणून तिच्या चालकांस दुसरें कोणतें नांव सुचणेंच शक्य नव्हतें.

हे पदार्थ लवकर शिजणारे कां, याचें आणखी एक कारण चुलीच्या पोटांत दडलेलें आहे. यवतमाळकडील शेतकऱ्याच्या घरीं सरपण म्हणजे मुख्यतः वाळलेली पळाटी आणि तुराट्या. बाभळीचें लांकूड तासभर निखारा धरतें. पळाटी भडकन् पेटते आणि लवकर विझते. चुलीपुढें बसून ती एकसारखी सारावी लागते. अशा जाळावर तीन तास कढत राहणारें कालवण परवडणारें नव्हे. जाळ भडकला असतांच फोडणी, उकळी आणि शिजणें उरकलें पाहिजे. इंधन जसें, तशी पाककृति. जंगल जवळ असलेल्या कोलाम-गोंडांच्या पाड्यांवर आणि काळ्या रानांतल्या उघड्या गांवांत स्वयंपाकाची रीत वेगळी पडली, ती यामुळेंच.

या सर्व व्यवस्थेस मोठा धक्का दिला तो कापसानें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडील कापूस मँचेस्टरला पोहोंचेना, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोहोंचली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांतून धामणगांव स्टेशनास जाऊं लागला. वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखास १९०५ सालीं यवतमाळ जिल्हा हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीनें यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची गाडी घातली. लोक तिला पुढें प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणूं लागले. ती आतां थांबली आहे. परंतु जिनिंगच्या कारखान्यांनीं येथील संध्याकाळ बदलली, ती कायमची.

शेतावरच्या कामास सूर्य हें घड्याळ. जिनिंगमध्यें भोंगा हें घड्याळ झालें. सरकी काढणाऱ्या यंत्रांपुढें कापूस घालण्याचें काम बहुतांशीं बायकांकडे असे, आणि हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाले. १८९१ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांच्या कामाची मर्यादा दिवसास अकरा तास ठरविली. मर्यादाच अकरा तासांची! अकरा तास सरकीच्या धुळींत उभी राहिलेली बाई घरीं येई, तेव्हां पोरें उपाशीं, पाणी भरावयाचें, आणि जातें वाट पाहत असलेलें. तिनें झटपट स्वयंपाक केला, तो आळसानें केला असें कोण म्हणेल? दळणाची गिरणी गांवांत आली, तेव्हां जुन्या लोकांनीं पिठाची चव गेली म्हणून नाकें मुरडलीं. पण पहांटे तीनला उठून जात्यावर बसण्याचें ज्यांचें चुकलें, त्या बायकांनीं नाक मुरडल्याचें ऐकिवांत नाहीं.

हीच अडचण त्याच सुमारास हजारों मैलांवर स्वित्झर्लंडमध्येंही उभी राहिली होती, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. तेथील मजूर स्त्रिया कारखान्यांत जाऊं लागल्या. स्वयंपाकास वेळ उरेना. मुलांबाळांचें पोषण बिघडूं लागलें. तेव्हां तेथील एका लोकहितकारी मंडळाच्या आग्रहावरून ज्यूलियस मॅगी या गिरणीमालकानें लवकर शिजणारें, स्वस्त आणि पौष्टिक असें कडधान्याचें पीठ तयार करण्याचा उद्योग १८८४ च्या सुमारास आरंभिला. १८८६ सालीं वाटाण्याचें तयार सार बाजारांत आलें. पुढें १९५८ सालीं जपानांत मोमोफुकु आंदो यांनीं शिजविलेल्या शेवया तेलांत तळून वाळविण्याची रीत काढली. तळतांना शेवयांतील पाणी उडून जातें आणि बारीक छिद्रें राहतात. त्यांतून कढत पाणी भराभर आंत शिरतें, म्हणून त्या शेवया दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. मॅगीचें नांव लावलेल्या अशा शेवया १९८३ सालीं हिंदुस्थानांत आल्या. आज वैशाखांतील पाटाची जागा कारखान्यानें घेतली आहे आणि चार शेजारणींची जागा यंत्रावरच्या मजुरांनीं. कष्ट नाहींसे झाले नाहींत. घरांतून उठून दुसरीकडे गेले, आणि त्यांचें मोल आतां रोकडीनें द्यावें लागतें.

शेवयांची ही कथा, तशीच खिम्याची. हा शब्द फारसी-तुर्कीकडून आला. अर्थ बारीक केलेलें मांस. मांस शिजण्यास वेळ लागतो तो त्यांतील तंतूंमुळें आणि त्यांस बांधणाऱ्या चिवट पडद्यांमुळें. सत्तुरानें ओंडक्यावर मांस बारीक केलें, कीं ते तंतु आधींच तुटलेले असतात आणि उष्णता सर्व बाजूंनीं एकदम पोहोंचते. म्हणून ज्या मांसाच्या मोठ्या तुकड्यांस तास-दीड तास लागला असता, त्याचा खिमा वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. येथेंही निम्मा स्वयंपाक खाटकाच्या दुकानींच झालेला असतो. मात्र एक सावधगिरी पाहिजे. अखंड तुकड्यावरील जंतु बाहेरच्या अंगास असतात. खिम्यांत ते आंतबाहेर मिसळले जातात. म्हणून खिमा आणला त्याच दिवशीं शिजवावा, आणि मध्यभागीं गुलाबी रंग न उरेल इतका, शास्त्रीय भाषेंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोहोंचेपर्यंत, शिजवावा.

खिम्याचा आणखी एक गुण म्हणजे पुरवठा. पावशेर मांसाचे तुकडे केले तर आठ जणांच्या ताटांत ते मोजून वाढावे लागतात, आणि कोणास मोठा गेला, कोणास लहान, यावरून पोरांत रुसवे होतात. तेंच मांस खिमा करून वाटाणा, बटाटा अथवा शेवया यांत मिसळलें, म्हणजे प्रत्येक घांसांत थोडें थोडें येतें. अमेरिकेंतही हाच हिशेब झाला. तेथें मांस महाग झालें, स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरीस जाऊं लागल्या, आणि १९७१ सालीं जनरल मिल्स या कंपनीनें ‘हॅम्बर्गर हेल्पर’ नांवाची पेटी सर्व देशभर विकावयास काढली. पेटींत वाळलेल्या शेवया आणि मसाला. घरचा एक रतल गोमांसाचा खिमा आणि एकच कढई, एवढ्यावर पांच जणांचें जेवण होई. महाराष्ट्रांत अर्थात् परिस्थिति भिन्न. मध्यप्रांत-वऱ्हाडांत पशुरक्षणाचा कायदा १९४९ मध्यें झाला. पुढें महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा, आणि त्यांतील २०१५ च्या दुरुस्तीनें गाईप्रमाणेंच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. यवतमाळच्या बाजारांत आज खिमा म्हटला म्हणजे मुख्यतः बकऱ्याचा, आणि आतांशा कोंबडीचाही.

त्या खिम्याच्या शेवया कशा होतात, तें येथें सांगून टाकणें बरें. कारण कृति सांगितल्याशिवाय अन्नाचा इतिहास अपुराच राहतो. चार माणसांस पाव किलो खिमा आणि दोनशें ग्रॅम शेवया पुरतात. प्रथम शेवया कोरड्या कढईंत बदामी भाजून बाजूस काढाव्या. हें चुकलें तर त्यांचा लगदा होतो. मग दोन पळ्या तेलांत दोन मोठे कांदे बारीक चिरून तांबूस परतावे, आलें-लसणाचें वाटण घालावें आणि खिमा टाकून मोठ्या आंचेवर गुठळ्या मोडीत परतावा. पाणी सुटून आटलें, कीं हळद, तिखट, धणे-जिऱ्याची पूड, मीठ आणि दोन चिरलेले टोमॅटो घालून झांकण ठेवावें व मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटें शिजूं द्यावें. नंतर तीन वाट्या कढत पाणी ओतून, उकळी येतांच शेवया सोडाव्या. पांच-सहा मिनिटांत पाणी आटतें. वर कोथिंबीर आणि लिंबू. सारा कारभार पाऊण तासाच्या आंत. मांस न खाणाऱ्या घरीं भिजविलेली मसूर किंवा मटकी याच रीतीनें घालतां येते. मसूर खिम्याइतक्याच वेळांत शिजते आणि पोषणांतही फारशी मागें नाहीं.

मात्र हा पाऊण तास गॅसच्या शेगडीवरचा आहे, चुलीवरचा नव्हे. १८९२ सालीं स्वीडनमध्यें लिंडक्विस्ट यांनीं धूर न करणारा रॉकेलचा स्टोव्ह काढला. पुढें ‘प्रायमस’ या नांवानें तो हिंदुस्थानच्या शहरांतून घरोघर भरभरूं लागला. १९५९ च्या सुमारास येथें प्रेशर कुकर तयार होऊं लागले, आणि तुरीच्या डाळीचा तासाचा वेळ वीस मिनिटांवर आला. १९६५ मध्यें कलकत्त्यास ‘इंडेन’ गॅसची पहिली जोडणी झाली. गरीब कुटुंबांतील स्त्रियांस गॅसची जोडणी देण्यासाठीं उज्ज्वला योजना निघाली ती २०१६ सालीं. म्हणजे एका शहरांतील बाईची आणि खेड्यांतील बाईची संध्याकाळ यांत अर्ध्या शतकाचें अंतर पडलें. आजही टाकी भरण्यास पैसे नसले, कीं पळाटीचा भारा पुन्हां अंगणांत येतो, आणि धुरानें डोळे पुशीत स्वयंपाक होतो. ‘झटपट’ हा शब्द सर्व घरांत सारख्याच अर्थानें वापरतां येत नाहीं, याचें हें एक गमक.

मराठी पाकपुस्तकांतही हा बदल उमटलेला आहे. १८७५ मध्यें रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ निघालें. नांवाप्रमाणेंच तें शास्त्र होतें आणि लिहिणारा पुरुष होता. १९१० मध्यें लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ बाहेर पडलें. मांस-मासळीच्या पदार्थांस त्यांत संकोच नव्हता, आणि स्त्री आपल्या अनुभवानें दुसऱ्या स्त्रीस सांगूं लागली होती. १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापांनीं नवशिक्या सुनेचाही स्वयंपाक सोपा करून गेली. सासूच्या हाताखालीं दहा वर्षें काढून येणारें ज्ञान पुस्तकांत आलें. हेही साठविलेले कष्टच.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. या सर्व सोयी आल्यावर बाईचा वेळ वांचला काय? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसांतील सरासरी २९९ मिनिटांचा वेळ बिनमोबदला घरकामांत जातो. पुरुषांचा ९७ मिनिटें, आणि तोही जे कांहीं करतात त्यांचा. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे अनुक्रमें २८९ आणि ८८ झाले. पांच वर्षांत बाईचीं दहा मिनिटें सुटलीं. पण पुरुषाचींही नऊ सुटलीं! यंत्रें आलीं, शेवया पेटींतून आल्या, खिमा यंत्रांतून निघाला, तरी पांच तासांचा हा डोंगर फारसा झिजला नाहीं. कारण जेवण लवकर झालें, कीं उरलेल्या वेळांत दुसरें काम पुढें येऊन उभें राहतें; आणि ताटावर बसलेला माणूस विचारतो, ‘आज एवढेंच?’

झटपट जेवणावर घेतले जाणारे आक्षेप सगळेच पोकळ आहेत असें नाहीं. मैद्याच्या तळलेल्या शेवयांत पोट भरण्याचा गुण आहे, पोषणाचा बेताचा. मिठाचें प्रमाणही त्यांत अधिक. १९७२ च्या दुष्काळांत परदेशी लाल मिलो आणि सुकडी खाऊन महाराष्ट्रानें दिवस काढले, तेव्हां पोट भरणें आणि पोसणें यांतील भेद घरोघर कळला. यवतमाळकडे सोयाबीननें ज्वारीच्या बऱ्याच रानावर बस्तान बसविलें, आणि घरची भाकर विकतच्या पिठाकडे वळली. अशा वेळीं दुकानांतील पुडक्यावर सर्वस्वी विसंबणें शहाणपणाचें नव्हे. पण त्यावरील उपाय बाईस पुन्हां जात्यापाशीं बसविणें हा नव्हे. आठवड्याचें वाटण एका दिवशीं करून ठेवणें, मसूर सकाळीं भिजत घालणें, कांदा चिरण्यास घरांतील पुरुषानें आणि मोठ्या मुलानें बसणें, हे उपाय साधे आहेत, आणि ते नवेही नाहींत. वैशाखांतील शेवयांच्या पाटाभोंवतीं बायकांनीं हेंच केलें होतें : काम आधीं उरकणें आणि तें वांटून घेणें. पाटाभोंवतीं पुरुष तेवढा नव्हता.

म्हणून संध्याकाळीं कोणी अर्ध्या तासांत वरणफळें, पिठलें अथवा खिम्याच्या शेवया पुढें वाढल्या, तर त्यांत कुळाचार बुडाला असें समजण्याचें कारण नाहीं. उलट सरकी काढून परतलेल्या बायकांची जुनी रीतच त्या ताटांत चालू आहे. वाढणारीनें ओशाळें होऊं नये. जेवणारानें मात्र जेवण आटोपल्यावर ताट उचलून मोरीपर्यंत न्यावें, आणि तेथें थांबून तें घांसावेंही.